पाहुण्याचं पाणी

डॉ. गिरिधर यांनी आयुष्यात प्रयोग एकच केला होता, साली मात्र बऱ्याच बदलल्या होत्या. आधी केळीची साल वाळवली, जाळली, तिची पूड निळा रंग मिसळलेल्या पाण्यात टाकली. रंग उतरला, पेपर छापून आला. मग संत्र्याची साल. मग सीताफळाच्या बिया, मग चिंचोके, आणि शेवटी तुरीचं फोलपट, कारण आपल्या भागात तूर पिकते आणि ‘स्थानिक साधनसंपत्ती’ असा एक परिच्छेद त्यात घालता येतो. निळा रंग दर वेळी इमानेइतबारे उतरला. उतरणारच की! रंग बाटलीतून ओतलेला, पाणी डिस्टिल्ड. आधी स्वतःच्या हाताने घाण करायची आणि मग ती साफ केली म्हणून शाल पांघरून घ्यायची. एवढ्या बळावर हा गृहस्थ बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होऊन बसला होता.

सुकन्या त्याच विभागात गेस्ट लेक्चरर होती. म्हणजे शिकवायचं तिने, प्रॅक्टिकल घ्यायचं तिने, सरांच्या पेपरातले आलेख काढायचे तिने, आणि नाव छापून येताना तिचं नाव शेवटी, तेही जागा उरली तर. तिची जीभ तिखट होती आणि नोकरी कच्ची होती, त्यामुळे तिचं बरंचसं बोलणं मनातल्या मनात चालायचं. स्टाफरूममध्ये सर नव्या सालीबद्दल बोलायला लागले की ती खाली मान घालून वही तपासायची आणि पोटातलं हसू पोटातच जिरवायची.

त्या वर्षी सरांना सालींचा कंटाळा आला. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी तपासायचा एक मोठा प्रकल्प त्यांनी मिळवला. त्याचं कारणही तसंच होतं. धरणाच्या पाण्याची पाइपलाइन काही गावांना मिळणार होती. ज्या गावांच्या विहिरी खराब, त्या गावांना आधी. विहीर खराब की चांगली हे कुणी सांगायचं, तर पाणीपुरवठा खात्याने ते काम कॉलेजावर सोपवलं. यादीत कौठवाडीही होती. हे कळल्यावर सुकन्याला मनापासून बरं वाटलं, कारण कौठवाडी तिच्या मावशीचं गाव.

कौठवाडी म्हणजे निर्णा गावाच्या अलीकडची चाळीसेक घरांची वाडी. गावाच्या वरच्या अंगाला औषधाची रसायनं बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या पाठीमागून नाला निघायचा आणि गावच्या विहिरीला खेटून पुढे जायचा. कधी त्याला फेस असायचा, कधी वास, कधी दोन्ही. मावशी फोनवर सांगायची, ‘डाळ शिजना गं बाई. सकाळी चुलीवर ठेवलेली डाळ दुपारी बी टणक.’ तुरीच्या मुलखात डाळ शिजत नाही म्हणजे काय, हे पाण्याचा विचार न करणाऱ्यालाही समजलं असतं. सुकन्याला वाटलं, चला, आता निदान कागदावर येईल.

नमुने आणायला सर स्वतः गेले. सुकन्याची त्या दिवशी प्रॅक्टिकलची बॅच होती, म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी सर परत आले ते घाम पुसत, जणू हिमालय चढून उतरले होते. कौठवाडीच्या बाटल्या टेबलावर ठेवत म्हणाले, “फार अगत्याची माणसं. चहा, पोहे, सुपारी. फील्डवर्क म्हणजे काय, हे तुम्हा नव्या पोरांना कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सुकन्याने पाणी तपासायला घेतलं. पाण्याचा जडपणा मोजायची साधी रीत असते. पाण्यात एक दर्शक टाकला की जड पाणी लालसर होतं, मग थेंबथेंब रसायन सोडत गेलं की ते कधीतरी निळं होतं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. कौठवाडीचं पाणी दर्शक टाकल्या टाकल्याच निळं झालं. तिने पुन्हा केलं. पुन्हा निळं. विरघळलेले क्षार मोजायचं मीटर बुडवलं तर आकडा हलायलाच तयार होईना. तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला. नाल्याचा वास नाही. उलट काहीतरी थंडगार, ओळखीचं, पण नेमकं काय ते आठवेना.

ती सरांकडे गेली. “सर, हे विहिरीचं पाणी नाही. हे फिल्टर प्लांटचं आहे.”

“मी स्वतः गेलो होतो,” सर म्हणाले.

“तुम्ही विहिरीवर गेला होतात?”

सरांनी समोरचे कागद सारखे केले. “गावात गेलो होतो. विहीर गावातच आहे ना? सुकन्या, संशोधकाने डेटावर संशय घ्यायचा नसतो. डेटा काय सांगतो ते ऐकायचं असतं.”

आणि डेटाने सरांच्या कानात जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. जड पाण्याच्या मुलखात, रासायनिक नाल्याच्या काठावर, इतकं निर्मळ पाणी! सरांना रात्रभर झोप आली नाही आणि सकाळी त्यांना उत्तर सुचलं होतं. बिदरचा लाल जांभा दगड! तो सच्छिद्र असतो, त्यातून झिरपताना सगळी घाण शोषली जाते. निसर्गाने जमिनीखाली फिल्टर बसवून ठेवलाय आणि तो शोधला डॉ. गिरिधर यांनी. कौठवाडीखाली जांभा आहे का काळा बसाल्ट, हे बघायला कुणी कुदळ मारली नाही. बिदर म्हटलं की जांभा, एवढं सरांना पुरेसं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण त्या ओळखीच्या वासाने घात केला. पाणी कलबुर्गीला मोठ्या यंत्रावर तपासायला पाठवलं, तिथून उत्तर आलं की पाण्यात वनस्पतिजन्य सुगंधी रेणूंचे अंश आहेत. हे फार्मसी विभागाच्या प्रशांतकुमारच्या कानावर गेलं. प्रशांतकुमारची प्रयोगशाळा म्हणजे एक लॅपटॉप. त्याने तो रेणू कॉम्प्युटरवर काढला, कॅन्सरचं एक प्रोटीन काढलं, आणि माउसने एकाला दुसऱ्यात बसवून दिलं. बसलं! उंदीर नाही, पेशी नाही, रोगी तर नाहीच. पण आता पेपरात पर्यावरणही आलं, जैववैद्यकही आलं आणि रसायनशास्त्र तर घरचंच. दोघे एकमेकांची पाठ थोपटत कँटीनला गेले. सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आलेख तिनेच काढले. नोकरी कच्ची होती.

रविवारी ती कौठवाडीला गेली.

मावशीचं घर विहिरीपासून जवळच. दारातच मावशीने, म्हणजे सत्यभामाबाईंनी, तिच्या पायावर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. “किती वाळलीस गं. कॉलेजात जेवाय देत न्हाईत का?” सत्यभामाबाई म्हणजे गावात पाहुणचाराला पहिलं नाव. त्यांच्या ओट्यावरून कुणी कोरड्या तोंडाने उठून गेला असं होत नसे, मग तो मीटर वाचणारा असो की मतं मागणारा. मावशीचे यजमान राघोबाकाका ओट्यावर खाटेवर पडले होते. त्यांनी नुसती मान हलवून ‘आलीस व्हय’ म्हटलं.

मधल्या घरात सून शिवकन्या बसली होती. सहावा महिना होता. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं, चेहऱ्यावर नको इतकी चमक. सुकन्याने विचारायच्या आधीच मावशीने सांगितलं, “खाल्लेलं टिकना. हुमनाबादच्या डाक्टरनी म्हणलं, लघवीत काय तरी उतरायलंय. पानी बदला म्हणलं. आता पानी कुठून बदलायचं? हिरीत दुसरं पानी हाय व्हय?”

आणि बोलता बोलता मावशीने कोपऱ्यातल्या माठातून पितळी तांब्या भरला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि सुकन्याच्या हातात दिला. सुकन्याने एक घोट घेतला आणि तांब्या पुन्हा नाकाशी नेला. थंडगार, गोड पाणी. आणि तो वास. वाळ्याचा! माठाच्या तळाला वाळ्याची जुडी टाकलेली होती. लहानपणापासून ती या घरात याच वासाचं पाणी पीत आली होती, वास इतका अंगवळणी पडलेला की त्याचं नावच तिला आठवलं नव्हतं.

“मावशी, ह्ये पानी कुठलं?”

“कॅनचं. पलीकडच्या गावात मशीन बसलंय ना, तिथून येतंय. पाहुण्यासाठी आणतो.”

“आन् आमचे सर आलते तवा बाटल्या कशातनं भरल्यास?”

“ह्याच्यातनंच की.” मावशीला प्रश्नच कळेना. “बिचारे उन्हातान्हाचे आलते. ओट्यावर बसले, बाटल्या पुढं केल्या, म्हणले मावशी, ह्या भरून द्या. मी म्हणलं लांब जायचंय, वाटंत तहान लागंल. राखेनं घासल्या, धुतल्या, भरून दिल्या. कामून? वास मारायल्या का बाटल्या?”

सुकन्याला आधी हसू आलं. जांभा दगड, निसर्गाचा फिल्टर, कॅन्सरवरचा रेणू, सगळं या माठात होतं. विभागप्रमुखांनी बुटांना चिखल लागू नये म्हणून ओट्यावर बसून विहिरीचा अभ्यास केला होता. ती हसत राहिली, आणि हसता हसता तिचं लक्ष शिवकन्याकडे गेलं. शिवकन्या औषधाची गोळी घेत होती आणि पाणी पीत होती ते दुसऱ्या कोपऱ्यातल्या घागरीतलं, विहिरीचं.

“हिला माठातलं कामून देत न्हाईस?” तिचा आवाज चढला.

मावशी गोंधळून गेली. “ती घरची हाय की. घरच्या मान्साला पाहुण्याचं पानी कसं द्यायचं? एक कॅन येतोय हप्त्याला. ऐन टायमाला कुणी आलं तर त्याच्यापुढं हिरीचं ठेवू व्हय? गावाची इज्जत जाईल.”

“आन् लेकरू?”

उत्तर शिवकन्यानेच दिलं, “ऱ्हाऊ द्या ताई. मला हेच गोड लागतंय.” ते साफ खोटं होतं. सुकन्याने घागरीतलं पाणी जिभेवर घेऊन बघितलं. खारट, कडवट, वर तेलाचा तवंग. सोन्यासारखी माणसं या घरात विष पीत होती आणि गोड पाणी झाकून ठेवत होती ते कुणासाठी, तर गिरिधरसारख्यांसाठी. तिला मावशीचा इतका राग आला की ती तशीच उठून अंगणात गेली.

परत येऊन तिने मावशीला नीट समजावून सांगितलं. तुझ्या बाटल्यांमुळे कागदावर असं आलंय की कौठवाडीची विहीर जिल्ह्यात सगळ्यात चांगली. आता पाइपलाइन तुमच्या गावाला येणार नाही. सत्यभामाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. “मी गावाचं वाईट केलं व्हय गं?” एवढंच त्या म्हणाल्या. राघोबाकाकांनी कूस बदलली.

सुकन्याने स्वतः विहिरीवर जाऊन बाटली भरली. कॉलेजात तपासली. यावेळी पाणी असं लाल झालं की निळं व्हायचं नावच घेईना, आणि मीटर ओरडायचं तेवढं बाकी राहिलं. ती बाटली आणि आकडे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. माठाची, वाळ्याची सगळी हकिकत सांगितली.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “आउटलायर.”

“काय?”

“एखादा नमुना असा निघतो. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी घेतलेला. तो सोडून द्यायचा असतो. आणि हे बघ, पेपर स्वीकारला गेलाय. पुढच्या महिन्यात आपल्याकडे राष्ट्रीय चर्चासत्र आहे. पर्यावरण प्रदूषण, जैववैद्यक आणि रसायनशास्त्रातील अलीकडचे संशोधन. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर श्रीनाथ साहेब प्रमुख पाहुणे. त्यांच्यासमोर तू वाळ्याची गोष्ट सांगणार? लोक हसतील.”

“हसू देत की, सर.”

“तुझ्या नोकरीच्या नूतनीकरणाचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे,” सर गोड आवाजात म्हणाले.

तिने इंजिनिअरच्या ऑफिसलाही खेपा घातल्या. श्रीनाथ साहेब सभ्य माणूस, मातृभाषा कन्नड, मराठी मोडकं पण मनापासूनचं. म्हणाले, “मेडम, तुमचं बरोबर असेल. पण माझ्याकडे कॉलेजचा रिपोर्ट आहे, सही आहे. तुम्ही दुसरा रिपोर्ट आणा, सहीचा. मी यादी चर्चासत्रानंतर पाठवणार.” सही कुणाची, तर गिरिधरांचीच. तिने हात जोडले आणि जिना उतरली. चर्चासत्रापर्यंत एवढाच काय तो अवधी होता.

इकडे सरांच्या डोक्यात नवीन कल्पना आली होती. चर्चासत्राच्या उद्घाटनाला दिवा लावणं जुनं झालं. त्याऐवजी कौठवाडीच्या विहिरीचं पाणी व्यासपीठावर आणायचं, कलशातून, त्या गावच्या बाईच्या हातून, आणि मान्यवरांनी ते प्राशन करायचं. ‘प्राशन’ हा शब्द सरांनी निमंत्रणपत्रिकेत छापला. सत्यभामाबाईंचा सत्कारही ठेवला. निरोप सांगायला त्यांनी सुकन्यालाच पाठवलं, कारण मावशी तिची.

सुकन्या आनंदाने गेली. मनात तिने सगळं ठरवलं होतं. गिरिधर सर एकदा तरी कौठवाडीचं खरं पाणी पितील. भर सभेत, कॅमेऱ्यापुढे. तोंड कसं वेडंवाकडं होतं ते जग बघेल, इंजिनिअर बघेल, मग कुठे जातो जांभा दगड ते पाहू.

“मावशी, कलशात हिरीचं पानी आन. कॅनचं नक्को,” ती म्हणाली.

“पाहुण्यापुढं?” सत्यभामाबाई दोन पावलं मागे सरल्या. “न्हाई बाई. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

“प्यायला न्हाई गं. नुसतं दाखवायला. मशीन लावून बगणार हाईत. कुणी तोंडाला लावणार न्हाई.”

“शपथ?”

“तुझी शपथ,” सुकन्या बेधडक म्हणाली. खोटी शपथ घेताना तिला काही वाटलं नाही. गिरिधरसाठी घेतलेल्या शपथेला पाप लागत नाही असं तिचं मत होतं.

चर्चासत्राच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात भोवळ येईल एवढे हार होते. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक झालं. प्रत्येक वक्त्याला शाल, फळांची करंडी, लाकडी फ्रेममधलं मानपत्र. प्रशांतकुमारने पडद्यावर रंगीबेरंगी प्रोटीन गरगर फिरवून दाखवलं, त्यात एक रेणू अडकून बसला होता. “उद्याचं औषध आपल्या मातीत आहे,” तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी त्या इशाऱ्यावर वाजवल्या, मागच्यांनी जेवण जवळ आलं म्हणून.

मग गिरिधर सरांनी माइक घेतला. कौठवाडीच्या पुण्यवान जलाबद्दल ते बोलले. शेवटी त्यांनी सत्यभामाबाईंना वर बोलावलं. नऊवारी हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, दोन्ही हातांत तांब्याचा कलश. त्या जपून जपून पायऱ्या चढल्या. कलशावर आंब्याची पानं आणि नारळ ठेवलेला होता, त्यामुळे आतलं कुणाला दिसत नव्हतं. सुकन्या कोपऱ्यात उभी होती. तोंडावर हसू होतं.

सरांनी नारळ काढला. चांदीच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला कॅमेऱ्याकडे धरून म्हणाले, “विज्ञानाची कसोटी स्वानुभव! आधी मी, मग आपले प्रमुख पाहुणे श्रीनाथ साहेब.” आणि पेला ओठांकडे नेला.

“साहेब!”

सत्यभामाबाईंनी पुढे होऊन सरांचं मनगट धरलं. पाणी सरांच्या सिल्कच्या कुर्त्यावर सांडलं.

“पिऊ नका साहेब,” त्या म्हणाल्या. माइक तिथेच होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “ह्ये पाहुण्याचं पानी न्हाई. ह्ये आमचं हाय. तुमाला बाधंल.”

सर हसायचा प्रयत्न करू लागले. “मावशींचा गैरसमज झालाय...”

“न्हाई साहेब. मागं तुमी आलते तवा बाटल्यात पाहुण्याचं दिलतं. कॅनचं, वाळा टाकलेलं. आज हिनं दाखवायपुरतं म्हणलं म्हणून हिरीचं आणलं. शपथ घेऊन सांगितलं हिनं, कुणी पिणार न्हाई म्हणून.” त्यांनी सुकन्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, फक्त प्रश्न होता, आणि सुकन्याची मान आपोआप खाली गेली. सरांची फजिती बघायला ती जे पाणी पाजणार होती, ते त्या बाईने शत्रूलाही दिलं नसतं. तिला लाज वाटली, अगदी पायाच्या नखापर्यंत.

श्रीनाथ साहेब उठून उभे राहिले. त्यांनी पेल्यात डोकावलं, तवंग बघितला, वास घेतला. मग हळू आवाजात विचारलं, “अक्का, तुम्ही काय पिता मग?”

“ह्येच,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रशांतकुमारचं प्रोटीन मागच्या पडद्यावर अजून फिरत होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. गिरिधर सरांनी रुमालाने कुर्ता पुसला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्यांना खाली बसायची गरज वाटली नाही. अशा माणसांना कधीच वाटत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात श्रीनाथ साहेबांची गाडी कौठवाडीत आली. बरोबर खात्याचीच माणसं, खात्याच्याच बाटल्या. सुकन्याही आली होती. नूतनीकरणाच्या अर्जाचं काय झालं हे मावशीने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मावशीने बाटल्या बघितल्या आणि सवयीने हात पुढे गेला, “द्या, जरा घासून धुवून...” मग त्या स्वतःच थांबल्या. हात मागे घेतला. “चला साहेब,” म्हणाल्या, आणि पुढे होऊन साहेबांना विहिरीवर घेऊन गेल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातानेच दोर सोडला, घागर वर ओढली, आणि तोंड फिरवून ती साहेबांपुढे केली. आपल्या घरातली फाटकी वाकळ कुणी चारचौघांत उलगडून दाखवावी तसं त्यांना झालं होतं.

साहेबांनी बाटल्या भरल्या, जागेवरच मीटर बुडवलं, आकडा वहीत उतरवला. “तुमचं गाव यादीत वर घेतो, अक्का,” एवढं म्हणाले. पाइप येईपर्यंत पाण्याचा टँकर पाठवतो, असंही म्हणाले. खरं बोलत होते असं वाटलं.

परत ओट्यावर आल्यावर सत्यभामाबाई आत धावल्या. माठातून तांब्या भरला, फुलपात्र पालथं घातलं, साहेबांपुढे आणून ठेवला. “घ्या साहेब. ह्ये पाहुण्याचं हाय. भ्यायचं काम न्हाई.”

साहेबांनी तांब्याकडे बघितलं. मग विहिरीकडे बघितलं. “नको, अक्का, आत्ताच प्यालो,” म्हणाले, आणि गाडीत बसल्यावर खिडकीतून दिसलं, त्यांनी आपली बंद बाटली उघडून तोंडाला लावली. चांगला माणूस होता. पण चांगल्या माणसालाही आता या घरातल्या कुठल्याच पाण्याचा भरवसा वाटत नव्हता. सुकन्याने दात आवळले. मावशीच्या दारातून कोरड्या तोंडाने गेलेला हा पहिलाच माणूस.

गाडी वळणाआड गेली तरी सत्यभामाबाई तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. राघोबाकाका म्हणाले, “ठेव आत. कुणी तरी येईल.”

त्या आत गेल्या. शिवकन्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, सुजलेल्या पायांवर हात फिरवत. सत्यभामाबाईंनी फुलपात्र सुलटं केलं, काठोकाठ भरलं आणि तिच्यापुढे धरलं.

शिवकन्या दचकली. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या माठाला हात लावला नव्हता. “आत्याबाई, पाहुण्याचं हाय की ते.”

“ठावं हाय मला,” सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा हात सुनेच्या पोटावर ठेवला. “येणारा पाहुणा हितं बसलाय. पी.”